मांजरीत नापास

माग्बानुआंच्या घरी जेवणाच्या टेबलावर पू, पित्त आणि परसाकडे यांखेरीज दुसरा विषय सहसा निघत नसे. त्यात कुणाला वावगं वाटण्याचं कारणही नव्हतं, कारण त्या टेबलाभोवती बसणारं जवळजवळ प्रत्येक माणूस नर्स होतं. क्रिसांतोची बायको नेनिता नर्स. चुलतभाऊ दोदोंग नर्स, त्याची बायकोही नर्स. आणि आत्या, म्हणजे साऱ्या गोतावळ्याची तिता गर्ली, निवृत्त नर्स. गर्ली हे पाळण्यातलं लाडाचं नाव सत्तरी उलटली तरी तिला सोडून गेलं नव्हतं, आणि ते बदलायला सांगण्याची कुणाची छाती नव्हती. व्हॅलेहोच्या त्या गल्लीत कुणाला घेरी आली तर त्याला झेलायला एवढे तज्ज्ञ हात धावत, की बिचाऱ्याला जमिनीपर्यंत पोचणं मुश्कील व्हावं.

या सगळ्यांत क्रिसांतो एकटा बिननर्स. त्याने अर्धं आयुष्य मायदेशी, मनिलाला जायची विमानतिकिटं विकली. दुकान टीचभर होतं, पण काचेमागे टाय लावून बसण्यात एक इभ्रत होती. कोणत्या विमानतळावर कोणतं विमान किती उशिरा सुटतं हे त्याला तोंडपाठ असे आणि बायाबापड्या त्याला 'मिस्टर माग्बानुआ' म्हणत. मग लोक फोनवर अंगठा फिरवून तिकिटं काढायला लागले. त्याच्या दुकानाच्या जागी नखं रंगवायचं दुकान आलं आणि मिस्टर माग्बानुआ टायसकट घरी आले.

त्या रविवारी माशाचं आंबट सार होतं आणि दोदोंग एका पेशंटच्या टाचेवरच्या जखमेचं रसभरीत वर्णन करत होता. क्रिसांतोने चमचा हळूच खाली ठेवला.

"बघा, बघा, सांतोचा रंग उडाला," तिता गर्ली म्हणाली. "अरे, माग्बानुआंचा ना रे तू? या घरातल्या कुत्र्यालासुद्धा नाडी बघता येते."

"त्याला येत असेल," क्रिसांतो ताठ बसत म्हणाला. "मला कधी गरज पडली नाही."

"पडली असती तर तूच आधी पडला असतास!"

टेबल हसण्याने हललं. माणसाच्या आयुष्यात असे काही क्षण येतात, जेव्हा त्याने मुकाट्याने आणखी भात वाढून घ्यावा आणि तोंड भरून टाकावं. क्रिसांतोने भात वाढून घेतला, पण तोंड मोकळंच राहिलं.

"मी नर्सिंगला जाणार आहे," तो म्हणाला. "पदवी घेणार. रीतसर."

हसणं आणखी वाढलं. फक्त नेनिता हसली नाही. ती सकाळीच रात्रपाळी करून आली होती आणि डोळ्यांवरची झोप हाताने मागे सारत जेवत होती. लग्न झाल्यापासून ती रात्रपाळीच करत आली होती, कारण रात्रीचे चार पैसे जास्त मिळतात. नवराबायकोची गाठ पडायची ती दारात, दोन वॉचमन पाळी बदलतात तशी. दिवसा झोप यावी म्हणून त्यांच्या खोलीच्या खिडकीला अ‍ॅल्युमिनियमचा चंदेरी कागद चिकटवलेला होता. दुपार झाली की त्याचा एक कोपरा सुटायचा आणि उन्हाची तिरीप नेमकी नेनिताच्या डोळ्यांवर यायची. तो कोपरा नीट लावायचं काम वर्षभर क्रिसांतोकडे होतं.

"खरंच?" तिने विचारलं. "मग मला रात्रपाळी सोडता येईल?"

तिच्या आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता. क्रिसांतोला त्याच क्षणी 'गंमत केली' म्हणता आलं असतं.

"सोडच," तो म्हणाला. "थोडी वर्षं थांब. रात्री झोपशील, चार माणसांसारखी."

हे वाक्य म्हणताना त्याचा ऊर भरून आला. पुढे ते आठवलं की त्याला पायाखालची जमीन दुभंगली तर बरं असं वाटायचं, पण ते पुढे.

नर्सिंगला जायचं म्हणजे थेट नर्सिंगला जाता येत नाही, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. आधी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीव, रसायन असे विषय कॉलेजात वेगळे करायचे, त्यांत बऱ्या गुणांनी पास व्हायचं, आणि मग अर्ज करण्याच्या लायकीचं व्हायचं. म्हणजे मंगलकार्यालयाच्या फाटकापाशीच माणसाचं कुळ, गोत्र आणि पचनशक्ती तपासून घ्यावी तसा प्रकार. घरात सल्ल्यांना ऊत आला. दोदोंग म्हणाला, "कूया, आधी शरीररचना उरकून टाक." कूया म्हणजे दादा, हा दादा आता आपल्या हाताखाली येणार या कल्पनेने दोदोंग फार मऊ झाला होता. त्याची बायको म्हणाली आधी रसायन. तिता गर्ली म्हणाली आधी बूट.

"नर्सिंग म्हणजे काय? पाय! डोकं काय कुणाचंही चालतं."

त्यामुळे कॉलेजात नाव घालण्याआधी पांढरे बूट घरात आले. समोरच्या घरातले म्हातारे मिस्टर हॅस्केल कुंपणावरून हे सगळं बघत असत. पुरुषमाणूस नर्स होणार हे ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला, आणि त्या दिवसापासून क्रिसांतो दिसला की ते पँट वर घेऊन आपला दुखरा गुडघा दाखवू लागले.

पहिली माशी गुणपत्रिकेत शिंकली. जुन्या पदवीची गुणपत्रिका मायदेशातल्या इलोइलोच्या कॉलेजातून सीलबंद पाकिटात यायला हवी होती आणि पाकीट फक्त इथल्या ऑफिसने फोडायचं होतं. गावाहून येणाऱ्या एका भाच्याने ते सुक्या मासळीच्या पुड्यांमध्ये जपून आणलं. क्रिसांतो घरी नव्हता. तिता गर्लीने पाकीट फोडलं, आत सगळं ठीक आहे ना हे पाहिलं, आणि एवढा मोलाचा कागद खराब होऊ नये म्हणून तिच्या पिढीतली कुठलीही जबाबदार बाई जे करील ते केलं. तिने तो लॅमिनेट करून आणला. घरातल्या सगळ्यांच्या पदव्या, बाप्तिस्म्याचे दाखले आणि कुत्र्याच्या लशींचं कार्ड तिने असंच जपलं होतं.

कॉलेजच्या खिडकीतल्या बाईंनी तो चकचकीत पत्रा उजेडात धरून पाहिला.

"हे सीलबंद यायला हवं होतं."

"सीलबंदच आहे," क्रिसांतो खालच्या आवाजात म्हणाला. "यात आता पाणीसुद्धा शिरणार नाही."

"मला शिक्क्यावर बोट फिरवून बघावं लागतं. उठावाचा आहे की नाही."

"फिरवा ना."

बाईंनी प्लास्टिकवर बोट फिरवलं. मग नख फिरवलं. मग कागदावर माशाचा वास कसला येतोय असं विचारलं. पाठीमागच्या रांगेत कोवळी पोरं उभी होती, ती खिदळली. वीस वर्षं जो माणूस खिडकीच्या आतल्या बाजूला बसला, त्याला बाहेरच्या बाजूने हे ऐकावं लागलं. त्याने तो पत्रा शर्टाच्या आत घातला आणि मान खाली घालून गाडीपर्यंत गेला. दुसरी प्रत यायला इलोइलोला कितीजणांना गळ घालावी लागली ते सांगत बसलं तर एक वेगळी गोष्ट होईल. ती येईपर्यंत तो पोस्टमनची वाट बघत दारात उभा राहायचा आणि तिता गर्ली आतून विचारायची, "माझ्यावर विश्वास नाही का रे?"

वर्गाचा पहिला दिवस. क्रिसांतो इस्त्रीचा शर्ट आणि तोच जुना टाय घालून वेळेआधी जाऊन पुढे बसला. पोरं येऊ लागली, त्याच्याकडे बघून फोन खिशात घालू लागली. एका मुलीने अदबीने विचारलं, "सर, आज प्रयोगशाळा आहे का?" आता तिचा हिरमोड कशाला करायचा म्हणून, आणि बऱ्याच दिवसांनी कुणी सर म्हटलं म्हणून, क्रिसांतो म्हणाला, "आज नसावी." मग दुसऱ्याने पुस्तकाचं विचारलं. त्यालाही त्याने चार शब्द सांगितले. तेवढ्यात पाठीवर पिशवी अडकवलेला एक तरुण आत आला, काही वेळ दारात उभा राहून ऐकत राहिला आणि नम्रपणे म्हणाला, "तुमचं झालं की मी सुरू करतो."

ते प्राध्यापक होते. ती मुलगी, ब्रिआना, पुढे प्रयोगशाळेत त्याची जोडीदार झाली आणि सत्र संपेपर्यंत त्याला सरच म्हणत राहिली. ती थट्टेने म्हणते की सवयीने, हे विचारायचं धैर्य त्याला झालं नाही.

हाडं मात्र त्याला जमली. विमानतळांची नावं पाठ करणाऱ्या माणसाला मनगटातली हाडं काय जड? मनगटाहून कोपराला, कोपरात उतरून खांद्याला, असा तो बसल्याजागी सगळा सापळा हिंडून यायचा. घरी भाजलेल्या कोंबडीची तंगडी उचलून तो त्यातलं एकेक हाड नावानिशी सांगू लागला, तेव्हा तिता गर्लीने सुद्धा एकदा "हं" म्हटलं. नेनिताने तर त्याच्या पानात आणखी एक तंगडी वाढली.

मग मांजर आलं.

ते मेलेलं होतं, चिरफाडीसाठी औषधात मुरवलेलं होतं, आणि ब्रिआना कानात गाणी लावून बटाटा सोलावा तसं ते सोलत होती. क्रिसांतोने ठरवलं होतं की श्वास रोखून धरायचा. त्याप्रमाणे त्याने तो रोखून धरला. पुढचं त्याला आठवत नाही. ब्रिआनाने सांगितलं, की सर आधी अदबीने मागे सरकले, मग कोपऱ्यातल्या सापळ्याच्या खांद्यावर हात टाकून दोघंही खाली आले. सापळ्याचा डावा हात निखळला. प्राध्यापक क्रिसांतोच्या तोंडावर पाणी मारत होते आणि तो शुद्धीवर येता येता त्या हाताच्या हाडांची नावं बडबडत होता. सगळी बरोबर होती, पण त्याचे गुण नव्हते.

परीक्षेत मांजरीच्या आतड्याकाळजाला टाचण्या टोचून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे थांबून नाव लिहायचं होतं. क्रिसांतोने सगळी परीक्षा पापण्यांच्या फटीतून दिली. यकृताला त्याने जठर म्हटलं, जठराला मूत्रपिंड, आणि ज्याला प्लीहा म्हटलं तो मुळात टेबलावर राहिलेला स्पंजाचा बोळा होता. निकालात शरीररचनेपुढे जे अक्षर आलं त्यावर अर्ज करता येत नव्हता. विषय पुन्हा घ्यायचा, आणि तोही एकदाच. दुसऱ्यांदा गेला तर या कॉलेजात नर्सिंगचा विचार कायमचा सोडायचा.

आज नेनिताला सांगायचंच, असं गाडीत बसून त्याने ठरवलं. वाक्यही जुळवलं. पण घरातला टॅब सगळ्यांचा एक होता आणि त्यावर क्रिसांतोचं मेलही उघडंच असायचं. सत्र संपलं म्हणून कॉलेजने सरसकट सगळ्या पोरांना जे पत्र धाडलं होतं, त्याची सुरुवात 'अभिनंदन!' अशी ठळक अक्षरांत होती. पुढचं बारीक वाचायला तिता गर्लीला चष्मा लागतो. अभिनंदन बिनचष्म्याचं वाचता येतं. त्यावरून तिने ठरवलं, नर्सिंगला प्रवेश मिळाला, आणि मिळाला म्हणजे झालाच नर्स.

तो गल्लीत वळला तेव्हा गॅरेजच्या दारावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, फ्लेक्स लागलेला होता. गोतावळ्यात कुणी पदवी मिळवली, परीक्षा पास झालं, की फ्लेक्स लागायचाच. नेनिताचाही लागला होता. 'अभिनंदन! आमचा क्रिसांतो, नर्स!' खाली 'शुभेच्छुक: तिता गर्ली व समस्त माग्बानुआ परिवार'. मधोमध क्रिसांतोचा दात दाखवणारा जुना फोटो, तिकिटांच्या दुकानातला, एका गडद निळ्या गणवेशातल्या धडावर बसवलेला. धड कुठल्याशा जाहिरातीतून घेतलेलं असावं. कमरेपाशी त्याचा घाट असा काही होता, की मिस्टर हॅस्केल रस्त्यापलीकडे उभं राहून बराच वेळ मान तिरकी करून बघत होते.

फ्लेक्सखाली नेनिता उभी होती, अजून हॉस्पिटलच्या कपड्यांत. तिचे डोळे लाल होते, पण झोपेने नव्हे.

"सांतो," ती म्हणाली, "तितांनी फोन करून सांगितलं. मी सरळ हेड नर्सकडे गेले आणि दिवसपाळी मागितली. पगार कमी होईल, पण आता काय, थोडीच वर्षं, मग तू येशीलच ना."

क्रिसांतोचं जुळवलेलं वाक्य गाडीतच राहिलं. तो म्हणाला, "फ्लेक्स जरा मोठा झाला."

एवढंच. नंतर कितीतरी दिवस त्याला स्वतःची सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या मांजरीपायी नाही, त्या सापळ्यापायीही नाही. या एका वाक्यापायी वाटली.

शनिवारी जेवणावळ झाली. अख्खं डुक्कर भाजून आणलं होतं, दीर्घायुष्याच्या शेवया होत्या, अंगणात गाण्याचं मशीन लागलं होतं. मिस्टर हॅस्केल इस्त्रीची पँट घालून आले, आणि ती इस्त्रीची पँट लगेच गुडघ्याच्या वर घेतली. मग कुणीतरी म्हणालं, नव्या नर्सकडून रक्तदाब मोजून घेऊ या, शुभ असतं. तिता गर्लीने आपलं यंत्र आणून दिलं. क्रिसांतो फुगा दाबायचा, कानात नळ्या घालून गंभीर चेहऱ्याने ऐकायचा. शेजारी कुणीतरी मोठ्याने प्रेमगीत म्हणत होतं, त्याखेरीज त्याला काही ऐकू आलं नाही. त्याने मिस्टर हॅस्केलना सांगितलं, "एकशे वीस, ऐंशी." त्यांच्या बहिणीलाही तेच सांगितलं. मग रांगच लागली.

"सांतो," तिता गर्ली मागून म्हणाली, "सगळ्या गल्लीचा रक्तदाब एकच कसा रे? त्या डुकराचा घे बघू, त्याचाही तेवढाच निघेल."

सगळे खो खो हसले. आणि त्या हसण्यात नेनिताने खुर्ची पुढे ओढली, बाही वर केली आणि हात त्याच्यापुढे ठेवला.

"माझा घे. खरा सांग. रात्रपाळीने वाढलाय म्हणतात."

त्याने तिच्या दंडाला पट्टा बांधला. फुगा हातात घेतला, पण दाबवेना. सगळे बघत होते. त्याने कानातल्या नळ्या काढल्या.

"मी मांजरीत नापास झालो," तो म्हणाला.

"कुठल्या मांजरीत?" दोदोंगने विचारलं.

मिस्टर हॅस्केल दचकले. "माझी तर घरात आहे!"

मग त्याने सगळं सांगितलं. मांजर, सापळा, पापण्यांची फट, स्पंजाचा बोळा, सरसकट आलेलं पत्र. सांगताना तो तिता गर्लीकडे बघत होता, कारण दंडाला पट्टा बांधून बसलेल्या बाईकडे बघायची त्याची हिंमत नव्हती. गाण्याचं मशीन कुणीतरी बंद केलं.

तिता गर्लीने हातातली शेवयांची बशी खाली ठेवली. "एकदाच?" ती म्हणाली.

"हो."

"एकदा नापास झाला तर एवढं तोंड पाडून बसलाय! मी लायसनच्या परीक्षेत तीनदा आपटले. आईला सांगितलं, परीक्षाच पुढे ढकलली. ती बिचारी सरकारला शिव्या देत वारली."

"मी दोनदा," दोदोंग म्हणाला. "आणि पहिल्या प्रेताला बघून जी उलटी झाली, ती सरांच्या बुटांवर."

"मी रसायनात!" त्याची बायको पुढे सरसावली. "लागोपाठ!"

आजवर पोटात दडवलेलं अपयश जो तो असं चढाओढीने बाहेर काढू लागला, की जरा वेळाने क्रिसांतोकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. मिस्टर हॅस्केलसुद्धा ड्रायव्हिंगच्या परीक्षेत कितीदा नापास झाले ते सांगू लागले. क्रिसांतोला हायसं वाटायला हवं होतं. पण आयुष्यात एक गोष्ट ठसठशीतपणे केली, ती म्हणजे नापास होणं, आणि त्यातही आपलं पान पंगतीच्या शेवटाला मांडलं गेलं, याचं त्याला जरा वाईटच वाटलं.

मग त्याने शेजारी बघितलं. खुर्चीवर नुसता पट्टा पडलेला होता.

नेनिता खोलीत होती. पडली होती, पण झोपली नव्हती. चंदेरी कागदाचा कोपरा सुटलेला होता आणि ऊन तिच्या कपाळावर होतं.

"दिवसपाळीचं..." तो दारातूनच म्हणाला.

"मागे घेतलं. आत्ताच फोन केला." तिने हातातला फोन उशीखाली सरकवला. "आज रात्रीच बोलावलंय. झोपू दे."

"नेनिता, मी सांगणार होतो."

"तू म्हणालास फ्लेक्स मोठा झाला." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मी त्याच्याच खाली उभी होते रे. हेड नर्सपुढे रडून आले होते मी. आनंदाने."

तिने कूस बदलली. ऊन कपाळावरून डोळ्यांवर आलं, आणि तिने नेहमीच्या सवयीने हात आडवा धरला. तो हात असा डोळ्यांवर धरून ती किती वर्षं झोपत होती, हे क्रिसांतोने त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

तो बाहेर गेला. गॅरेजच्या दाराला शिडी लावली आणि सगळ्यांच्या देखत फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागला.

"अरे, पैसे पडलेत त्याला!" तिता गर्ली ओरडली. "कुठे टाकतोस?"

"टाकत नाही," तो म्हणाला.

खोलीच्या खिडकीला बाहेरून तो फ्लेक्स लावायला त्याला मिस्टर हॅस्केलांची मदत घ्यावी लागली. त्यांनी हातोडी दिली आणि एका धड गुडघ्यावर भार देऊन उभं राहत खिळेही दिले. आधी बाहेरून चिकटवलेला चंदेरी कागद त्याने ओढून काढला; मग कडा दुमडलेल्या फ्लेक्सची छापील बाजू आत गेली, कारण बाहेर ठेवायचं त्याला धैर्य नव्हतं. वरची पट्टी बसली, बाजू बसल्या, कागद जिथे सुटायचा तो कोपरा तर त्याने दोन खिळ्यांनी ठोकला. मग पांढरे बूट काढून तो अनवाणी, आवाज न करता खोलीत आला.

खोलीत अंधार झाला होता. खिडकीत अख्खा क्रिसांतो उभा होता, नर्स क्रिसांतो, घाटदार कमरेचा. खराखुरा क्रिसांतो त्याच्याकडे बघून मेल्याहून मेल्यासारखा झाला.

"उद्या काढतो," तो कुजबुजला. "काळा कापडी पडदा आणतो. आणि पुढच्या सत्राला पुन्हा नाव घालतो. बघीन मी मांजरीकडे, उघड्या डोळ्यांनी बघीन."

ती झोपली असं समजून तो वळला.

"सांतो."

"हं?"

"दातांतून उजेड येतोय."

त्याने पाहिलं. खरंच, छपाई जिथे कोरी पांढरी होती तिथून ऊन झिरपत होतं, आणि फोटोतले ते मोठे दात अंधारात लखलखत होते. तो पुढे होऊन त्यांच्यावर तळहात धरून उभा राहिला.

नेनिताने चादर नाकापर्यंत ओढली.

"पुढच्या फ्लेक्सला," ती म्हणाली, "तोंड मिटून फोटो काढ."